सगळे 'दोन'च म्हणतात, मग पुढे काय विचारायचं?

तुमचा प्रश्न वाचला. एम.ए.च्या प्रबंधासाठी नव्या लग्नाच्या जोडप्यांना "किती मुलं हवीत?" असं विचारलंत आणि पायलटमध्ये, म्हणजे चाचणीच्या मुलाखतींत, जवळपास सगळ्यांनी "दोन" सांगितलं. "घरकाम नवरा-बायको दोघांनी करावं" या विधानालाही सगळ्यांनी होकार दिला. उत्तरांत फरकच दिसत नाही म्हणून गाइड विषय बदला म्हणतायत. माझं मत विचाराल तर विषय मुळीच बदलू नका, प्रश्नावली बदला. मी बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात कुटुंब-सर्वेक्षणाच्या टीमबरोबर काम केलंय, आधी मुलाखती घ्यायचे, नंतर सुपरवायझर झाले. तुम्हाला जे "दोन" मिळालं ते आम्हाला प्रत्येक गावात मिळायचं. त्याच्या मागे काय असतं ते जरा सविस्तर सांगते.

आधी हे लक्षात घ्या की आपल्याकडे मुलांची संख्या हा कधीच फक्त घरातला विषय नव्हता. लाल त्रिकोण आणि "हम दो हमारे दो" बघत दोन पिढ्या वाढल्या. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही, पण त्या काळातल्या कॅम्पच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतात. पुढे सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येईना, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट आली. अशा राज्यात अनोळखी माणूस हातात कागद घेऊन दारात उभा राहतो आणि मुलांचा आकडा विचारतो, तेव्हा समोरच्याला सरकारच विचारतंय असं वाटतं. तो "दोन" म्हणतो आणि मोकळा होतो. खोटं बोलतो असं नाही, पण मनातलं सांगतो असंही नाही. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर गावात जाऊ नका, आणि सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना बरोबर घेऊन घरोघरी तर अजिबात फिरू नका. आशाताईंची मदत गाव ओळखून घेण्यापुरती घ्या. मुलाखतीला त्या शेजारी बसल्या की बाई पाळणा लांबवण्याबद्दल तोंडपाठ उत्तरं देते.

मोठी सर्वेक्षणं हा प्रश्न कसा विचारतात ते बघा. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुलं असलेल्या बाईला विचारतात की, तुम्हाला एकही मूल नव्हतं त्या काळात परत जाता आलं आणि आयुष्यात किती मुलं हवीत हे नेमकं ठरवता आलं, तर किती म्हणाल? पाठोपाठ, त्यांतले मुलगे किती, मुली किती, आणि किती जणांच्या बाबतीत काहीही चालेल? एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील तो एकूण प्रजनन दर, आणि या उत्तरांवरून त्यातला "हवा असलेला" प्रजनन दर काढतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण प्रजनन दर २.० होता आणि हवा असलेला १.६. महाराष्ट्राचा एकूण दर १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत २.९ च्या आसपास होता, तो पाचव्या फेरीपर्यंत १.७ वर आला. म्हणजे लोक तोंडाने दोन म्हणतात आणि राज्याची सरासरी दोनच्या खाली गेलीय. तुमचा विषय नेमका या फटीत आहे.

या आकड्यांत एक मोठी मेख आहे. तीन मुलं झालेल्या आईला "परत मागे गेलात तर किती" असं विचारलं की ती बहुतेकदा तीनच म्हणते. तिसरा समोर अंगणात खेळत असतो, तो नको होता असं कोणती आई म्हणेल? त्यामुळे नको असलेल्या बाळंतपणांचा हिशोब नेहमी कमी भरतो. तुम्ही नव्या जोडप्यांवर काम करताय, त्यामुळे या अडचणीतून बऱ्यापैकी सुटलात. तुमच्यापुढे अडचण उलटी आहे: त्यांनी अजून काही भोगलेलंच नाही, म्हणून ते ऐकलेला आकडा सांगतात.

यावर एक जुनी आणि फार चांगली युक्ती आहे. मिशिगन विद्यापीठातल्या क्लाइड आणि लोलाजीन कूम्ब्स यांनी १९७० च्या दशकात ती मांडली. पहिल्या उत्तरावर थांबायचंच नाही. बाई "दोन" म्हणाली की पुढे विचारायचं: समजा दोन होणार नसतील, तर एकावर थांबाल की तीन होऊ द्याल? इथे "दोन" म्हणणारी सगळी माणसं दोन गटांत फुटतात. काहीजण चटकन "एकच बरं" म्हणतात, काही विचार करून "तीन चालतील" म्हणतात. मुलगा-मुलीच्या बाबतीतही हेच करा. "एक मुलगा, एक मुलगी" हे आपल्याकडचं पाठ केलेलं उत्तर. ते आलं की विचारा: तसं होणार नसेल, तर दोन्ही मुलगे चालतील की दोन्ही मुली? या प्रश्नानंतर खोलीत जी शांतता होते ती तुमच्या डायरीत नोंदवा, कारण उत्तर देताना कोण कुणाकडे बघतं यालाही अर्थ असतो.

दुसरी गोष्ट, आयुष्यभराचा आकडा बाजूला ठेवून पुढच्या मुलाबद्दल विचारा. युरोपातल्या जनरेशन्स अँड जेंडर सर्व्हेमध्ये "येत्या तीन वर्षांत मूल होऊ द्यायचा विचार आहे का?" असं विचारतात आणि नक्की नाही, बहुधा नाही, बहुधा हो, नक्की हो अशी उत्तरं ठेवतात. हे भाषांतर करून विचारू नका, आपल्याकडे लोक जसं बोलतात तसं विचारा. "पहिला चान्स कधी घ्यायचा ठरलंय?" असं विचारलं की बाई खरं बोलायला लागते. घराचे हप्ते, नवऱ्याची कंत्राटी नोकरी, एमपीएससीचा शेवटचा प्रयत्न, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, हे सगळं त्या एका प्रश्नातून बाहेर येतं. दोन या आकड्यातून यातलं काहीच येत नाही. कोण थांबायला सांगतंय आणि कोण घाई करतंय हेही तिथेच विचारून घ्या.

मुलगाच हवा ही ओढ थेट विचाराल तर "आम्हाला दोन्ही सारखेच" हे उत्तर मिळेल. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मुलींपेक्षा मुलगे जास्त हवेत असं सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ टक्के होत्या आणि मुली जास्त हव्यात म्हणणाऱ्या जेमतेम ३ टक्के. पण बोललेल्यापेक्षा केलेलं बघा. शेवटचं मूल कोण आहे ते बघा. माणसाच्या जन्मांत साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे असतात. घरोघरच्या शेवटच्या मुलांची मोजदाद केली आणि मुलगे त्याहून बरेच जास्त निघाले, तर मुलगा झाल्यावर लोक थांबले, मुलगी झाल्यावर थांबले नाहीत, हे उघड होतं. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात याच पद्धतीने अंदाज काढला होता की देशात २५ वर्षांपर्यंतच्या सुमारे २ कोटी १० लाख मुली "नकोशा" आहेत, म्हणजे मुलाची वाट बघताना झालेल्या. तो आकडा वाचला तेव्हा मला साताऱ्याच्या मुली आठवल्या. तिथे २०११ मध्ये नकोशी, नकुसा अशी नावं असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. तुमच्या नमुन्यातली जोडपी त्या मुलांमुलींच्याच आगेमागे वाढली आहेत. तुमच्या जोडप्यांना अजून मुलं नसली तरी त्यांच्या आईवडिलांच्या घरातला भावंडांचा क्रम विचारा. तीन बहिणी आणि धाकटा भाऊ असलेल्या घरातली मुलगी "दोन मुली झाल्या तर?" या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या मनाने देते.

गर्भलिंग तपासणीबद्दल मात्र थेट प्रश्न ठेवू नका. तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी आपणहून "चेक करून घेतलं होतं" असं सांगितलं तर काय लिहायचं, काय नाही, हे गाइडशी बोलून आधीच ठरवा. बाईच्या दारात उभं राहून ते ठरवता येत नाही.

आता मुलाखत कुणाची आणि कुठे. पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि १,०१,८३९ पुरुषांच्या. मोठ्या सर्वेक्षणाला त्याची कारणं असतात, खर्च असतो. तुम्हाला ती अडचण नाही. थोडी जोडपी घ्या, पण दोघांशी वेगवेगळं बोला, शक्यतो एकाच वेळी, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याला कळत नाही. तुम्ही एकट्याच जाणार असाल तर नवऱ्यांशी बोलायला एखादा वर्गमित्र बरोबर न्या. सासूबाईंना बाहेर बसवणं अवघड असतं, "मी काय परकी आहे का?" म्हणतात आणि त्यांचंही बरोबरच असतं. आम्ही टीममधल्या दुसऱ्या मुलीला त्यांच्याशी त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांबद्दल बोलायला बसवायचो. त्या रमून जायच्या, त्यातून चांगली माहितीही मिळायची, आणि आत सुनेला बोलायला मोकळीक मिळायची. सांगली जिल्ह्यातल्या एका घरात सून सासूसमोर "दोन" म्हणाली होती. आत स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, मला एकच हवंय, पण ते मी ठरवणार नाही." प्रश्नावलीत या वाक्याला रकाना नव्हता. तुम्ही तुमच्या प्रश्नावलीत तो ठेवा: तुम्हाला किती हवीत, यांना किती हवीत असं वाटतं, घरच्यांना किती हवीत, आणि शेवटी कुणाचं चालेल.

लिंगभावाच्या प्रश्नांबद्दल माझं मत जरा कडक आहे. "सहमत-असहमत" ची विधानं सरळ काढून टाका. शिकलेल्या तरुणांना योग्य उत्तर काय ते माहीत असतं. त्याऐवजी काल काय केलं ते विचारा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असे २४ तास अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत लिहून घेतात. २०१९ च्या फेरीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि त्या दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. पुरुषांपैकी २६.१ टक्केच असं काही काम करत होते, आणि ९७ मिनिटांची सरासरी फक्त त्या करणाऱ्यांची आहे. उरलेल्या पुरुषांचं शून्य त्यात धरलेलंच नाही. २०२४ च्या फेरीत हेच आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे बाईचं काम दहा मिनिटांनी उतरलं, पण पुरुषाने ते उचललं असं काही दिसत नाही. तुम्ही हाच तक्ता दोघांकडून स्वतंत्र भरून घ्या. नवरा म्हणतो "मी मदत करतो", बायकोच्या तक्त्यात त्याने पाण्याच्या बाटल्या भरल्याचं येतं. हा फरक तुमच्या प्रबंधातला सगळ्यात बोलका भाग ठरेल.

आणि क्रम उलटा ठेवा. आधी कालचा दिवस, मग मुलांबद्दल. कालचा दिवस सांगता सांगता बाईच्या डोक्यात हिशोब सुरू होतो की यात बाळ कुठे बसणार, त्याला कोण बघणार, माहेरी आईला जमेल का, पाळणाघर परवडेल का. त्यानंतरचं उत्तर कमी घाईचं असतं. क्रमाचा उत्तरावर परिणाम होतो हे खरं, म्हणून सगळ्यांना एकाच क्रमाने विचारा आणि प्रबंधात तसं लिहा.

एकाच मुलावर थांबणाऱ्या शहरी घरांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की, बाई करिअरवाली झाली म्हणून मूल एकच. अलका बसू आणि सोनलदे देसाई या अभ्यासकांनी २००४-०५ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे हे तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की या घरांमागची प्रेरणा स्वतःच्या चैनीपेक्षा किंवा बदललेल्या स्त्री-पुरुष भूमिकांपेक्षा त्या एका मुलावर जास्त खर्च करता यावा ही आहे. तुमच्या मुलाखतींत "एकच" म्हणणारी जोडपी आली तर इंग्रजी शाळेच्या फीबद्दल नक्की विचारा.

शेवटचा प्रश्न ऑपरेशनचा ठेवा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या अर्धा टक्काही नव्हत्या. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे असं आहे. देशभरात ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे. म्हणून नव्या जोडप्यांतल्या दोघांनाही वेगवेगळं विचारा: हवी तेवढी मुलं झाल्यावर ऑपरेशन कुणी करून घ्यायचं, आणि का? समानतेच्या सगळ्या विधानांना होकार देणारा मुलगा इथे "तिनेच, मला जड कामं असतात" म्हणतो, तेव्हा तुम्हाला हवा असलेला फरक हाती लागतो.

विश्लेषण करताना नवरा-बायकोच्या उत्तरांची सरासरी काढू नका. जोडी हेच एकक ठेवा: जुळणारी उत्तरं एकीकडे, न जुळणारी दुसरीकडे, आणि न जुळणाऱ्यांमध्ये कुणाची इच्छा जास्त, कुणाची कमी. दोघांच्या अर्जांवर एकच घर-क्रमांक टाका, नावं वेगळ्या वहीत ठेवा, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कळेल असं उदाहरण प्रबंधात देऊ नका. गावं लहान असतात, "शिक्षिका, दोन जावांतली धाकटी" एवढ्यावरून बाई ओळखू येते. नवी प्रश्नावली तयार झाली की इथेच टाका, मी बघून सांगते.