आपत्तीनंतरचं छोटं, परवडणारं घर आखताना सगळ्यात आधी कशाचा विचार करावा?

हे घर पुढे वाढवता येईल का, याचा. आत्ता पैसा कमी असतो, म्हणून तो कुटुंबाला नंतर स्वतः करता येणार नाही अशा गोष्टींवरच घाला: पाया, सांगाडा, छप्पर, नळ आणि सांडपाण्याची जोडणी. भिंतीचा गिलावा, रंग, कपाटं सावकाश होतात.

चिलीत 2010 च्या भूकंप-सुनामीनंतर कॉन्स्टिट्यूसिऑन गावात वास्तुकार आलेहांद्रो आराव्हेना यांच्या चमूने नेमकं हेच केलं. एका छपराखाली अर्धं घर बांधून दिलं, अर्धी जागा मोकळी सोडली. सुरुवातीला सुमारे 57 चौरस मीटर, नंतर घरच्यांनी वाढवून 85 पर्यंत.

अमेरिकेत कतरिना वादळानंतर घरांच्या रचनाकार मारियान कुसाटो यांनी तर 308 चौरस फुटांचं घर आखलं. त्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा व्हरांडा. ओल्या चपला तिथे सुटतात, म्हातारं माणूस तिथे खुर्ची टाकतं, शेजारी पायरीवर टेकून बोलत बसतो. सगळं गमावलेल्या माणसाला हे बोलणं भिंतींइतकंच लागतं. म्हणून व्हरांडा कृपया खर्चकपातीत उडवू नका.

आत समोरासमोर खिडक्या ठेवा, म्हणजे वारा खेळतो आणि खोली मोठी भासते. छत थोडं उंच घेतलंत तर माळा निघतो. छप्पर मात्र धातूच्या पट्ट्यांनी भिंतीला आणि भिंत पायाला पक्की बांधा, कारण वादळात आधी छप्परच उचललं जातं.

आणि नकाशा पक्का करण्याआधी जमिनीवर चुन्याने खोल्या आखून त्या कुटुंबाला त्यात फिरू द्या. चूल कुठे, पाळणा कुठे, तेच सांगतील.