वडील फौजेत होते पण लढाईबद्दल काहीच बोलत नाहीत, त्यांना बोलतं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की विषय काढला की वडील उठून जातात. माझं मत विचाराल तर लढाईबद्दल विचारूच नका. कागदांबद्दल विचारा, बरोबरच्या माणसांबद्दल विचारा.

आमचे आबा १ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटण. १९७१ ला जमालपूरला होते, आताच्या बांगलादेशात. आम्हा भावंडांना माहिती एवढीच. दर १६ डिसेंबरला गावात सत्कार, शाल, नारळ, फोटो, आणि आबांच्या तोंडून चकार शब्द नाही. माझ्या मुलाने एकदा डायरेक्ट विचारलं, आजोबा तुम्ही किती मारले, तर गोठ्याकडे निघून गेले.

मग ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेच्या कार्डासाठी त्यांचं डिस्चार्ज बुक चाळत होते मी, त्यात 'पूर्वी स्टार' (७१ च्या पूर्व आघाडीचं पदक) लिहिलेलं दिसलं, सहज विचारलं हे कशाचं हो, आणि गडी सुरूच झाला. पण कुठून, तर पायांपासून! ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागचा रस्ता अडवून बसलेले, शेतात मोर्चे, म्हणजे लपून बसायचे खंदक, खणलेले, बूट ओले ते ओलेच. मी नेटवर वाचलेलं की आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पाकिस्तानी कमांडरला चिठ्ठी पाठवली आणि त्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली, ते सांगितलं तर हसले. "आमाला कुठलं चिठ्ठीचं म्हाईत. रातच्याला ह्याच रस्त्यानं भाईर पडत्याल एवढंच सांगितल्यालं." १० डिसेंबरच्या रात्री पडलेच ते पाकिस्तानी बाहेर. त्या रात्रीबद्दल आबा जेमतेम दोन वाक्यं बोलले.

जास्त बोलले ते नंतरचं. शेजारच्या मोर्चातला त्यांचा जोडीदार गेला, त्याचं सामान घरी पाठवायचं म्हणून यादी करायला आबांना बसवलं. साबण, कंगवा, घरून आलेली पत्रं, विड्यांचं बंडल. त्याच्या आईला कळायला नको म्हणून विड्या यांनी काढून घेतल्या, फेकवेनात, मग जन्मात कधी विडी न ओढलेल्या माणसाने त्या सगळ्या ओढून संपवल्या. तेव्हा मला कळलं की दर पाडव्याला साडी घेऊन आम्ही कोरेगाव तालुक्यात ज्या आजीकडे जायचो ती आमची नातेवाईक नव्हतीच. माझ्या आईला सगळं माहीत होतं, फक्त आम्हालाच नाही, मला तर थोडा रागच आला खरं सांगायचं तर.

अजून एक, लगेच रेकॉर्डिंग लावू नका. मोबाईल समोर धरला की आबा सत्कारातल्या भाषणासारखं बोलायला लागतात. त्यापेक्षा पलटणीतला कोणी हयात असेल तर फोन लावून द्या आणि नुसतं बाजूला बसा, ते एकमेकांशी जे बोलतात ते आपल्याला सांगत नाहीत. पलटण त्या वर्षी कुठे होती तेवढं आधी वाचून ठेवा, म्हणजे ते नुसतं गावाचं नाव बोलले तरी "हे कुठं आलं" म्हणून मध्ये तोडावं लागत नाही. त्या रात्रीचं मी पुढे विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

तुमचे वडील कुठल्या पलटणीत होते?