साखर न वाढवणारं, ओव्हनशिवाय होणारं गोड काय करावं?

आईला मधुमेह, घरी ओव्हन नाही, तरी गोड हवंय, असं विचारलंत. आमच्या मालवणात मी शहाळ्याच्या पाण्याची जेली लावते.

मलईवालं शहाळं घ्या, पाणचट नको. त्याचं साधारण 300 मिली पाणी, चहाचा एक सपाट चमचा चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनची, जेली घट्ट करणारी) पावडर. हे मिश्रण दोन मिनिटं खळखळून उकळायलाच हवं, नुसतं कोमट केलं तर सेट होत नाही (माझी पहिली खेप अशीच सरबत झाली!). वाट्यांत मलईचे तुकडे, वरून वेलची घालून ओता. बाहेरच अर्ध्या तासात थरथरायला लागतं, फ्रिज फक्त गारव्यापुरता. साखर घालूच नका. पाण्यात स्वतःची थोडी असतेच, म्हणून एकच छोटी वाटी, तीही जेवणातला भात कमी करून.

आणि ते "गूळ चालतो" विसरा. गुळातही बहुतेक साखरच असते. खजुराच्या लाडवांचंही तेच, नाव तेवढं शुगर-फ्री.

पहिल्यांदा दिल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. किडनीचा त्रास असेल तर शहाळं डॉक्टरांना विचारूनच, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.