हात अधू झाला म्हणून कॅनडा?

डॉक्टर, नमस्कार.

तुमचा मेसेज आपल्या परळच्या व्हेटरनरी कॉलेजातल्या एका मित्राने माझ्याकडे पाठवला. नेरुळला जनावरांचं स्वतःचं क्लिनिक, रॉटवायलर चावून उजव्या हाताच्या दोन बोटांचे टेंडन गेले, हँड सर्जन म्हणतात लांबलेली ऑपरेशनं आता विसरा. मिस्टर आयटीत, मुलगा पहिलीत. आणि तुमचा प्रश्न असा की कॅनडात जनावराला हात न लावता पोट भरेल असं काम मिळतं का, आणि तुम्ही कसं निभावलंत सर. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. मग लिहायला बसलो आणि हे एवढं झालं, सांभाळून घ्या.

व्हिसा, गुण, फी, इंग्रजीची परीक्षा यातलं काही मी सांगणार नाही. ते सरकारी वेबसाइटवर आहे आणि माझ्या वेळचे नियम आता राहिलेलेही नाहीत. वयाचं तेवढं बघा, स्थलांतराच्या अर्जातले वयाचे गुण तिशीनंतर उतरत जातात आणि पंचेचाळीशीला शून्य होतात.

आधी माझी कथा. मी ठाण्याच्या नौपाड्यातला, तुमच्यासारखाच जनावरांचा डॉक्टर. सकाळी कल्याण-भिवंडीकडचे तबेले, संध्याकाळी घराजवळ छोटा दवाखाना. २०१४ च्या पावसाळ्यात भिवंडीजवळ एका तबेल्यात म्हैस गाभण आहे का बघायला हात घातला होता. खोडा नव्हता, नुसती खांबाला बांधलेली. फरशी शेणामुताने निसरडी. तिचे मागचे पाय सरकले आणि ती बसली. माझा हात खांद्यापर्यंत आत. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, दुखायला मागाहून लागलं. दंडाच्या हाडाला लगटून मनगट उचलणारी नस, रेडियल नर्व्ह जाते, ती चेचली गेली. बऱ्याच जणांची ती काही महिन्यांत परत येते. माझी अर्धीमुर्धी आली. मनगट वर उचललं गेलं नाही तर मूठही धड आवळता येत नाही, हे ॲनाटॉमीत पाठ केलं होतं. टाके घालायची सुई धरायचा चिमटा, नीडल होल्डर, हातातून गळून पडला तेव्हा समजलं.

जेवता येतं, गाडी चालवता येते, सही जमते. त्यामुळे लोकांना वाटतं, याला झालंय काय? तुमचंही तसंच होत असणार. पण कुत्रीचं स्पे, म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन, करताना ओव्हरीच्या देठावरची गाठ पुरेशी आवळली गेली की नाही, हे बोटंच सांगतात. ती गाठ सुटली तर जनावर टेबलावरून उतरल्यावर आतल्या आत रक्त जाऊन मरतं. तेव्हा ‘छोटीमोठी ऑपरेशनं करत राहा, हात सुटेल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ते प्रेमाने म्हणतात, पण गाठ त्यांना मारायची नसते.

आता तुमचा प्रश्न. परळची पदवी इथे थेट चालत नाही. आधी बीसीएसई ही मूलभूत आणि क्लिनिकल विषयांची परीक्षा, मग लायसन्ससाठीची ३६० प्रश्नांची नॅव्हली, आणि शेवटी क्लिनिकल प्रोफिशियन्सीची परीक्षा. पहिल्या दोन अभ्यासाने सुटतात. शेवटची हातांनी द्यायची असते: भूल, सर्जरी, घोडा, गाय, शवविच्छेदन, सगळं परीक्षकासमोर. सर्जरी म्हणजे जिवंत कुत्रीचं स्पे. म्हणजे जे आता जमत नाही म्हणून तुम्ही देश सोडणार, तेच इथे आल्यावर करून दाखवायचं. त्याशिवाय पूर्ण लायसन्स नाही, आणि लायसन्सशिवाय ओंटारिओत स्वतःला व्हेटरिनेरियन म्हणवून घेणं कायद्यात बसत नाही. एजंट हे सांगत नाहीत. त्यांच्या लेखी ‘डॉक्टर’ म्हणजे डॉक्टर.

कत्तलखान्यातल्या तपासणीचं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय असं दिसतं. ते काम सन्मानाचं आहे, हलकं समजू नका. पण तिथेही पहाटे गोठ्यात उभं राहून जनावरं बघायची, मग आत थंडीत तासन्‌तास. माझा हात तर जानेवारीत गाडीचं दार उघडतानाच आखडतो.

मी करतो ते काम म्हणजे जनावरांच्या औषधांची सुरक्षितता, फार्माकोव्हिजिलन्स. आणि मला खरं सांगायचंय ते हे की माझी ही दुसरी कारकीर्द कॅनडात सुरू झालेली नाही. ती ऐरोलीत झाली. हात बरा होईना तेव्हा बायकोच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की ऐरोलीला एक कंपनी आहे, परदेशातून येणाऱ्या दुष्परिणामांच्या नोंदी वाचायच्या, त्यांना बीव्हीएस्सी, म्हणजे आपली पशुवैद्यकाची पदवी असलेले, चालतात. आजूबाजूला बी.फार्म.ची, बीडीएसची, बीएचएमएसची पोरं, सगळी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. रात्रपाळी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, तेव्हा दिघ्याचं स्टेशन झालं नव्हतं, थेट ऐरोली. पहिला पगार दवाखान्याच्या कमाईच्या निम्मासुद्धा नव्हता.

एक नोंद अजून आठवते. तीन ओळींची. मांजर, तीन वर्षं, अंगाला झटके आणि कंप, कंपनीचं पोटातल्या जंतांचं औषध आदल्या दिवशी दिलेलं. शेजारच्या मुलीने व्हेड्रा या शब्दसंग्रहातून ‘कंप’ असा कोड लावला, औषध संशयित म्हणून टाकलं आणि पुढे गेली. नियमाने बरोबरच होतं. मी म्हटलं, जरा थांब, घरात कुत्रा आहे का ते विचारायला सांग. होता. त्याच्या गोचिडांसाठी आणलेले परमेथ्रिनचे थेंब उरले म्हणून मालकिणीने मांजराच्याही मानेवर लावले होते. मांजराच्या यकृताला परमेथ्रिन नीट निपटता येत नाही, तुम्हाला माहीत आहेच. मूळ औषधाचा बहुधा काही संबंधच नव्हता. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला आपण व्हेट आहोत असं वाटलं. हात खिशात होता.

या कामात फक्त जनावरंच येतात असंही नाही. औषधाचा परिणाम झाला नाही, हीसुद्धा नोंद असते. शेतकऱ्याला चुकून सुई लागली तर तीही. गायींच्या न्युमोनियावरचं टिल्मिकोसिन माणसाच्या अंगात गेलं तर हृदयावर जातं आणि त्याला नेमका उतारा नाही. जनावराने लाथ मारली की सिरिंज कुणाच्या मांडीत जाते हे ज्याने पाहिलंय तो अशी नोंद वेगळ्या नजरेने वाचतो. तुम्ही नेरुळला इतकी वर्षं काढलीत, ती इथे वाया जात नाहीत.

आणि डायक्लोफिनॅक, ते दुखणं-सूज कमी करणारं औषध. मी पास झालो तेव्हा लंगडणाऱ्या, तापलेल्या, आटलेल्या प्रत्येक म्हशीला आपण ते टोचत होतो. स्वस्त आणि गुणकारी. म्हैस मेली तर गिधाडं खायची आणि किडन्या जाऊन मरायची. नव्वदच्या दशकापासून आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपली, कारण २००४ मध्ये पक्कं झालं, जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी २००६ ला आली. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या तबेल्यात पोचत होत्या, त्या २०१५ ला छोट्या कराव्या लागल्या. माझ्या हातून किती सुया गेल्या असतील. एकाही सुईमागे मला गिधाड दिसलं नव्हतं, दिसणारही नव्हतं. हल्ली टेबलाशी बसून कंटाळा आला की मी हे आठवतो. ते दिसायला कुणीतरी हजारो नोंदी एकत्र बघत बसावं लागतं.

मग ऐरोलीत बरं चाललं होतं तर इथे का आलात, असं विचाराल. कारणं मी सगळ्यांना देतो: पगार, मुलीचं शिक्षण, मोठ्या कंपन्यांत पुढे जायची संधी. ती खोटी नाहीत. पण नौपाड्यात मला रस्त्याने चालवेना. गोखले रोडवर कुणीतरी कुत्र्याला घेऊन थांबायचं, ‘डॉक्टर, दवाखाना कधी उघडताय?’ दवाखान्याच्या गाळ्यात एव्हाना मोबाइल कव्हरचं दुकान लागलं होतं आणि तरी विचारायचे. रात्रपाळीला जाताना डब्याची पिशवी घेऊन मी मुद्दाम लांबून, कोपरीच्या पुलावरून स्टेशनला जायचो, कुणी भेटू नये म्हणून. इथे कुणी विचारत नाही. इथे मी कधी डॉक्टर नव्हतोच. पहिल्या वर्षी याचं फार सुख वाटलं. आता कधीकधी वाटतं की एका प्रश्नाला टाळायला मी तीन माणसांना समुद्रापार आणलं. बायको बँकेत होती. इथे तिने किराणा दुकानाच्या काउंटरपासून सुरुवात केली. ती काही बोलत नाही.

कागदांचं सांगतो, कारण राग अजून गेलेला नाही. मी १९९८ ला परळला लागलो तेव्हा कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होतं. डिसेंबर २००० मध्ये नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ झालं आणि आम्ही तिकडे गेलो. त्यामुळे सुरुवातीच्या गुणपत्रिका एका विद्यापीठाच्या, पदवी दुसऱ्याची. इथल्या मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला हे काही केल्या पटेना: एकच कॉलेज, तुम्ही बदललं नाहीत म्हणता, मग विद्यापीठं दोन कशी? ते समजावून झालं तर नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर उलटं. त्यांनी लेखी कळवलं की कागदपत्रं दोन वेगवेगळ्या व्यक्तींची असावीत असं दिसतं. ठाण्याच्या कोर्टाबाहेरच्या नोटरीने प्रतिज्ञापत्र टाइप करता करता विचारलं, ‘साहेब, दोघांपैकी सही कोण करणार?’ तुमचं माहेरचं नाव पदवीवर असेल, तर लग्नाचं प्रमाणपत्र आत्ताच इंग्रजीत करून ठेवा. आणि अपघाताचे कागद, ऑपरेशनचे नोट्स, नसांच्या तपासणीचे (नर्व्ह कंडक्शन) रिपोर्ट, काही टाकू नका. मी टाकणार होतो, आईने गादीखाली ठेवले.

मुलाच्या शाळेचं तुम्ही एका वाक्यात विचारलंत. मला थांबता येणार नाही, आधीच सांगतो. माझी मुलगी चौथीत असताना आलो. ठाण्यात इंग्रजी माध्यमात होती, पुस्तकं फडाफड वाचायची. तरी इथल्या शाळेने तिला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात घातलं आणि त्या तासाला बाहेर काढायचं ते नेमकं गणिताच्या तासाला. गणितात ती वर्गाच्या पुढे होती, वर्गात ती एका गोष्टीत तरी मान वर करून बसली असती. मी दोनदा भेटायला गेलो. बाई फार गोड बोलल्या, वेळापत्रक तेच राहिलं. मग प्रगतिपुस्तक आलं. ओंटारिओत गुणांच्या वर सवयींचा रकाना असतो: जबाबदारी, नीटनेटकेपणा, सहकार्य वगैरे. त्यात ‘पुढाकार’ समोर एन. म्हणजे सुधारणेची गरज. कारण खाली लिहिलं होतं, स्वतःहून बोलत नाही. विचारल्याशिवाय मध्ये बोलू नये हे तिला आम्हीच शिकवलं होतं, अगदी मारून मुटकून नाही, पण शिकवलं होतं. आज ती हायस्कूलला आहे, इतकी बोलते की जेवताना थांबवावं लागतं, आणि मी मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत येतं. तो कागद तिच्या लक्षातही नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुमचा मुलगा लहान आहे, त्याला सोपं जाईल. फक्त गणिताचा तास कापू देऊ नका. गोड बोलून ऐकत नसतील तर लेखी द्या.

एकटेपणा असतो. पहिला हिवाळा जड जातो, मग गणपतीत ओळखी होतात, कुणीतरी पोळ्या लाटून देणारं सापडतं. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. इथे ओंटारिओत चीजसाठी म्हशी पाळणारे थोडे लोक आहेत. एकदा रविवारी दोन तास गाडी चालवून गेलो होतो, कुंपणापाशी उभा राहिलो आणि परत आलो. घरी सांगितलं ऑफिसचं काम होतं.

तर माझं मत. काम आधी ठरवा, देश नंतर. आणि कामाची सुरुवात तिथूनच करा. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, तुमच्या घरापासून तासाभरात औषध-सुरक्षिततेची ऑफिसं आहेत. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थांना आचारसमितीत पशुवैद्य लागतोच, तिथे बघा. पॅथॉलॉजीत एमव्हीएस्सी केलं असेल तर औषधांची विषारीपणासाठी तपासणी करणाऱ्या टॉक्सिकॉलॉजीच्या लॅब आहेत, मायक्रोस्कोपला दोन बोटं पुरतात. दीड-दोन वर्षं करून बघा. ते काम रुचलं तर कॅनडात कुणीतरी त्या कामासाठी बोलावेल. नाही रुचलं तर इथे बर्फात ते जास्त रुचेल असं समजू नका. आणि मिस्टरांशी एकदा मोकळेपणाने बोला: हात धड असता तरी आपण निघालो असतो का? आम्ही दोघं ते अजून बोललेलो नाही.

सीव्ही पाठवा, मी बघतो. किती सर्जरी केल्या तो आकडा सध्या वर आहे असा माझा अंदाज, तो खाली घ्या. केसपेपर स्वतः लिहिता का, औषधाची रिॲक्शन दिसली तेव्हा कुणाला कळवलंत का, ते वर आणा. शनिवारी तुमच्या रात्री नऊनंतर फोन केलात तर मी मोकळा असतो.