सोलापुरात बोलका पोपट पाळायचाय, तो किती दिवसांत बोलायला शिकेल?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, तिला बोलणारा पोपट हवाय, तुम्ही दोघंही नोकरीला जाता आणि बाजारातला एकजण 'हिरवा राघू स्वस्तात आणून देतो' म्हणतोय.

राघूचं आधी सांगते. तो घेऊ नका. आपला गळ्यात पट्टी असलेला हिरवा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, जांभळट डोक्याचा छोटा तुईया, हे सगळे इथले रानपक्षी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. पिल्लं झाडाच्या ढोलीतून ओढून काढतात, पोत्यात-खोक्यात कोंबून आणतात आणि बरीचशी वाटेतच मरतात. आमच्या आजोबांकडेही मिठू होता. दारात टांगलेला गोल पिंजरा. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायचा, येणारा-जाणारा कौतुक करायचा. त्या पिंजऱ्यात त्याला दोन्ही पंख एकदम उघडता येत नव्हते, हे घरातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. आज आठवलं की पोटात कालवतं. कुणाकडे जखमी राघू सापडला तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.

आता माझ्या घरच्याबद्दल. आमच्याकडे आफ्रिकन ग्रे आहे, बाळू. राखाडी अंग, लालभडक शेपूट. काकांनी 2013 मध्ये पिल्लू असताना आणला, काका गेल्यावर 2019 पासून तो माझ्याकडे. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. रानातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून बंद आहे, कारण पकडून पकडून संख्या घटली. आपल्याकडे 2020 मध्ये केंद्र सरकारनं परदेशी प्राणी-पक्षी स्वतःहून जाहीर करायची मुदत दिली होती, तेव्हा मी बाळूची माहिती दिली. 2024 च्या नियमांनंतर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणीही केली. उद्या तुम्ही असा पक्षी घेतलात तर विकणाऱ्याकडे नोंदणीचे कागद मागा. 'कागद नंतर देतो' म्हणाला की तिथून परत फिरा.

आता बोलण्याचं. किती दिवसांत, याला आकडा नाही. ग्रेची पिल्लं साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान स्पष्ट शब्द काढायला लागतात. काही पक्षी आयुष्यभर नुसत्या शिट्ट्या मारतात. मिरची खाल्ली की पोपट बोलतो म्हणतात, त्यात तथ्य नाही. मिरचीतला जो घटक आपल्याला झोंबतो, तो पक्ष्यांना झोंबतच नाही, म्हणून ते आवडीनं खातात, एवढंच. आपल्यासारखे स्वरतंतूही त्याला नसतात. श्वासनळी जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे त्याचा आवाज तयार होतो आणि जाड जिभेनं तो त्याला आकार देतो.

पण तो बोलतो कशाला, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. रानात पोपट एकमेकांना सारखी साद घालतात. मी इथे आहे, तू कुठे आहेस? व्हेनेझुएलातल्या एका छोट्या रानपोपटाच्या जातीत तर प्रत्येक पिल्लाची हाक वेगळी असते आणि ती त्याला आई-बापाकडून मिळते, असं अभ्यासात दिसलंय. घरात आणलेल्या पोपटाला कळप नसतो. आपणच त्याचा कळप. म्हणून तो आपली साद उचलतो.

बाळूचं बघा ना. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. शेजारच्या अक्का तेलुगू बोलणाऱ्या. रोज सकाळी कठड्यावरून त्याला पेरूची फोड देताना विचारायच्या, 'तिन्नावा?' म्हणजे जेवलास का. माझा भाऊ कामावरून आला की दारातूनच ओरडतो, 'जेवला का बे?' बाळूला यातलं एकही वाक्य कुणी बसून शिकवलं नाही. आज अक्का कठड्याशी दिसल्या की तो 'तिन्नावा?' म्हणतो आणि भावाच्या गाडीचा आवाज आला की 'जेवला का बे?' माणसांची अदलाबदल कधी होत नाही. शेजारी यंत्रमाग होते तोवर मागाची खटाक्-खटाक् इतकी हुबेहूब काढायचा की वीज गेलेली असतानाही माग चालू आहे असं वाटायचं. ते माग बंद होऊन चार वर्षं झाली. त्याच्या गळ्यात मात्र अजून चालू आहेत. वडील आयुष्यभर मागावर उभे राहिलेले. ते कधी कधी डोळे मिटून तो आवाज ऐकत बसतात.

तेव्हा शिकवायचं असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड लावून निघून जाऊ नका. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 साली शिकागोच्या दुकानातून ॲलेक्स नावाचा ग्रे घेतला आणि त्याला रंग, आकार, पन्नासेक वस्तूंची नावं शिकवली. 2007 मध्ये तो गेला. त्यांची पद्धत अशी: दोन माणसांनी पोपटासमोर बसायचं. एकानं वस्तू दाखवून विचारायचं, दुसऱ्यानं नाव सांगायचं आणि बरोबर सांगितलं की ती वस्तू त्या माणसाला द्यायची. पोपट बघत असतो, त्यालाही ती हवी असते, तो मध्ये पडतो. आम्ही डाळिंबाचे दाणे घेऊन हेच केलं. तीन आठवड्यांनी 'दाणे' हा शब्द आला.

या सगळ्याला माणूस घरात लागतो. दिवसाचे चार-पाच तास तरी कुणी आसपास वावरणारं, त्याच्या हाकेला ओ देणारं. ग्रे एकटा पडला की स्वतःची पिसं उपटतो. छाती उघडी पडलेला, नुसती कातडी दिसणारा ग्रे मी एका घरी बघितलाय. घरातले वाईट नव्हते, फक्त दिवसभर बाहेर होते.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते, कारण ते तुमच्याही हातून घडू शकतं. 2021 चा मे महिना. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा चाळिशीच्या वर. बाळू चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून लांब धरायला लागला. मी त्याला कूलरच्या खोलीत, बंद काचेच्या खिडकीशी हलवला आणि महिनाभर तिथेच ठेवला. खायला दुकानदारानं सांगितलेलं तेच, सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे. आधी एवढंच झालं की त्याचं बोलणं कमी झालं. भाऊ आला तरी गप्प. मला वाटलं, उन्हानं मलूल झालाय. एका दुपारी धप् असा आवाज झाला. बघते तर पिंजऱ्याच्या तळाशी उताणा, पायाच्या मुठी वळलेल्या, मान मागे, एक पंख थडथडतोय. अर्ध्या मिनिटानं थांबलं. मी त्याला टॉवेलमध्ये उचलला तेव्हा त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं.

जवळच्या दवाखान्यात जंताचं औषध देऊन परत पाठवलं. पहाटे गाडी काढून पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला. रक्त तपासलं. कॅल्शियम फार खाली गेलेलं. ग्रे जातीत हा धोका जास्तच असतो. नुसत्या बियांत कॅल्शियम नगण्य, आणि ते अंगी लागायला लागतं ड जीवनसत्त्व, जे उन्हातून मिळतं. उन्हातला कामाचा भाग काचेतून आत येत नाही. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात माझा पक्षी उन्हावाचून आजारी पडला होता.

अकरा दिवस तो एक शब्द बोलला नाही. बाराव्या दिवशी संध्याकाळी भावाची गाडी वाजली आणि आतून अगदी बारीक आवाजात आलं, 'जेवला का बे?' भाऊ दारातच खाली बसला.

तेव्हापासून सकाळी सात ते आठ बाळू गच्चीवर, पिंजऱ्यासकट, अर्ध्या पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकून, म्हणजे त्याला हवं तेव्हा सावलीत जाता येतं. मीही तिथेच बसते, मांजर आणि घारी असतात. दुपारी पाण्याचा बारीक फवारा. खायला निम्मं पेलेट, म्हणजे पक्ष्यांचं तयार गोळी-खाद्य, बाकी शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, मोड आलेली मटकी, थंडीत हुरडा. हुरड्याचं कणीस एका पायात धरून दाणा दाणा सोलतो, तेव्हा बघत राहावं. बिया बक्षीस म्हणून दोन-चार. शेंगदाणा द्यायचा तर भाजलेला, निवडलेला. बुरशी लागलेला दाणा जीव घेतो. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा अजिबात नाही. आणि नॉनस्टिक तवा घरातून काढून टाका. तो जास्त तापला की निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. कॉइल, धूप, अगरबत्तीही त्याच्या खोलीत नको.

दर रविवारी मी त्याला स्वयंपाकाच्या काट्यावर उभा करते. एरवी 440 ग्रॅम. पक्षी आजार लपवतात, रानात दुबळा दिसला तो संपला. त्यामुळे वजन दहा टक्क्यांनी उतरलं किंवा नेहमीची बडबड थांबली की मी वाट बघत नाही. पोपटाला बोलायला शिकवण्याआधी त्याचं गप्प होणं ऐकायला शिका, असं मी प्रत्येकाला सांगते.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं, त्या रात्री आम्ही कुणीतरी त्याच्याजवळ बसतो. अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटला तर पंख मोडतो. बारीक दिवा चालू आणि आमचा आवाज कानावर, एवढं पुरतं.

ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. बाळूला माझ्यामागे कोण बघणार, हे भाचीशी बोलून ठरवलंय. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, पण घेण्याआधी घरात हे बोलायलाच हवं.

तुमचं घर दिवसभर बंद असतं. म्हणून आत्ता तुम्ही ग्रे घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. अगदीच पक्षी हवा तर बजीची, म्हणजे छोट्या बजरीगर पोपटांची, जोडी घ्या, लांबट मोठ्या पिंजऱ्यात. जोडीतले बजी आपल्याशी फार बोलत नाहीत, पण एकमेकांशी दिवसभर बोलतात, एकटे पडत नाहीत.

आणि मुलीला राघूच हवा असेल तर गच्चीच्या कठड्यावर मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी रोज बदला, शेजारी ज्वारीचं एखादं कणीस बांधा. आमच्याकडे उन्हाळ्यात पाचच्या सुमारास रानपोपट येतात. आधी एक येऊन तारेवर बसतो, इकडेतिकडे बघतो, ओरडतो, मग बाकीचे उतरतात. बाळू आतून त्यांना उत्तर देतो. मुलीला लांबून, न हलता बसायला सांगा आणि पहिला ओरडल्यावर किती उतरले ते तिला मोजू द्या.