गोड आणि तेलकट-तुपकट पदार्थांचे खरोखरच व्यसन लागते का?

मेंदूच्या पातळीवर व्यसनाशी साम्य निश्चितच आढळते. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या पॉल जॉन्सन आणि पॉल केनी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बेकन, सॉसेज, चीजकेक मुबलक खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइनचे (समाधानाच्या जाणिवेशी संबंधित रसायनाचे) डी-२ ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे पेशींवरील रेणू, कमी झाले होते आणि पायाला विजेचा झटका बसण्याची पूर्वसूचना मिळूनही त्यांनी खाणे सोडले नाही. तेवढ्याच खाण्यातून मिळणारे समाधान घटल्यामुळे ओढ वाढते, असा त्याचा अर्थ लावला जातो. माणसाच्या बाबतीत मात्र सावधपणे बोलावे लागते, कारण मानसिक विकारांच्या ‘डीएसएम-५’ या वर्गीकरणात अन्नाचे व्यसन हा स्वतंत्र विकार नाही. तरीही साखर आणि स्निग्धांश एकत्र असलेल्या गुलाबजामसारख्या पदार्थापुढे हात आवरत नसेल, तर त्या व्यक्तीला मनोनिग्रह नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.