नदीचं पाणी आटल्यावर कॅटफिश कुठे सापडतात?

तुम्ही लिहिलंय की नदी यंदा कधी नव्हे इतकी खाली गेलीय, नेहमीच्या जागी गळ टाकून बसता आणि साधी टोचही लागत नाही. मासे संपले का, असं विचारलंय. संपलेले नाहीत. उलट एरवी पात्रभर पांगलेले कॅटफिश आता मोजक्या जागी गोळा झालेत. तुमची नेहमीची जागा त्यांनी सोडली, एवढंच.

पाणी उतरलं की त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: आडोसा आणि श्वास घेता येईल असं पाणी. आडोसा सगळ्यांना सुचतो, म्हणून जो तो सर्वांत खोल डोहाच्या मधोमध गळ सोडतो. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात साचल्या डोहात शेवाळ माजलं असेल, तर रात्री तेही प्राणवायू ओढतं आणि पहाटेच्या सुमाराला पाणी पार कोंदट होतं. मांगूरसारखे काही मासे वरची हवा घेऊन चिखलातही तग धरतात, पण बहुतेक कॅटफिशना ती सोय नाही. कोंदट पाण्यात मासा असला तरी आमिषाकडे वळत नाही.

म्हणून डोहाचं तोंड शोधा. वरची उथळ, खळखळती धार जिथे खोलात उतरते, तिथे पाण्याचा रंग फिक्याचा एकदम गडद होतो. त्या रेघेच्या जवळपास आडोसा दिसला, की तीच जागा. आडोसा म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला पोखरलेली दरड, पाण्यात आडवा पडलेला ओंडका, झाडाच्या मुळांची जाळी, खडकाखालची कपार. पाणी कमी असण्याचा हा मोठा फायदा आहे, एरवी झाकलेली नदी उघडी दिसते. दिवसाउजेडी काठाकाठाने चालून सगळं बघून घ्या, फोटो काढून ठेवा. पाणी चढल्यावरही हे फोटो कामाला येतात.

गळ टाकायचा तो दिवस मावळताना. कडक उन्हात नितळ पाण्यातले कॅटफिश कपारीतून सहसा हलत नाहीत. अंधार पडू लागला की बाहेर येतात आणि बारक्या माशांच्या मागे अगदी उथळ कडेलाही येतात. तेव्हा तुम्ही काठावर पाय आपटत चालत असाल, तर सगळं फुकट गेलं. या माशांचा हवेचा फुगा बारीक हाडांच्या साखळीने कानाला जोडलेला असतो, त्यामुळे त्यांना आवाज फार चांगला कळतो. दोन पावलं मागे बसा, टॉर्च पाण्यावर मारू नका.

आमिष ताजं आणि लहान ठेवा. कॅटफिशला चव फक्त मिशांनी नाही, अंगभर कळते. पण संथ पाण्यात वास लांब जात नाही, तेव्हा आमिष आडोशाच्या जरा वरच्या अंगाला, हातभर-दोन हातांवर पडलं पाहिजे. गांडूळ किंवा माशाचा तुकडा धुऊन पांढरा पडला की बदला. आमिष तळाला बसावं म्हणून दोरीला लावतात ते शिसंही कमी लावा. ओढ नसलेल्या पाण्यात जड शिसं धपकन पडतं आणि मासा बिचकतो. काठीचं टोक आधी दोनदा थरथरतं, मग सावकाश वाकत जातं. थरथरीला हिसका देऊ नका, वाकू द्या.

मासा हातात घेताना पाठीवरचा एक आणि छातीजवळचे दोन काटे सांभाळा. घाबरला की ते ताठ करून अडकवून ठेवतो आणि काही जातींच्या काट्यांत विषही असतं. हात आधी ओला करा, छातीच्या काट्यांच्या मागून तळहात पोटाखाली घाला. सोडायचा असेल तर पाण्यातच गळ काढा. गरम पाण्यात दमलेला मासा लवकर सावरत नाही.

आणि एका डोहातून एक-दोनच घ्या, मोठी मादी दिसली तर सोडून द्या. आटलेला डोह काही रात्रींत रिकामा करता येतो, आणि पाणी चढल्यावर आजूबाजूच्या पात्रात पिल्लं येणार ती बहुतेक याच माशांची. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतील, तर त्यांना श्वासच पुरत नाहीये. त्या डोहात पाणी वाढेपर्यंत गळ टाकू नका.